स्वॅबमध्ये तीन जंतू निघालेत आणि डॉक्टर म्हणतात इन्फेक्शनच नाही

रिमझिम
नमस्कार मंडळी. जरा गोंधळलेय म्हणून इथे विचारतेय. बाबांना बरीच वर्षं डायबिटीस आहे. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी तळव्याला त्यांना जुना जाड घट्टा आहे. परवा मोज्याला डाग दिसला म्हणून पाय उलटा करून बघितला तर घट्ट्याच्या मधोमध छोटं भोक आणि आत ओलं. दुखत अजिबात नाही, ते आरामात चालतायत. सर्जनकडे नेलं, त्यांनी घट्टा तासून काढला, खाली चांगली मोठी जखम निघाली, ती साफ केली, ड्रेसिंग केलं आणि या पायावर भार देऊ नका असं दहादा बजावलं. पण अँटिबायोटिक दिलं नाही, म्हणाले इन्फेक्शन नाहीये. भावाला ते पटलं नाही म्हणून त्याने परस्पर लॅबमधून स्वॅब करून घेतला, तर त्यात तीन जंतू निघाले आणि पुढे एस आणि आरची भलीमोठी यादी. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. तीन तीन जंतू असताना इन्फेक्शन नाही हे कसं काय? दुसरा डॉक्टर बघायचा का?

तिरपागडा
बघायचा म्हणजे काय, लगेच बदला. डायबिटीसवाल्यांच्या पायाशी खेळ नको. रिपोर्ट हातात असताना नुसती पट्टी बांधून घरी पाठवतात? जे स्ट्राँग मिळेल ते आधी सुरू करा मग बाकीचा विचार.

आळशी_मांजर
+१, पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह.

खडूस_काका
तुम्ही दोघं डॉक्टर का? नाही ना, मग थांबा जरा. रिमझिम, मला सांग बाई, जखमेच्या भोवती लाली आहे का, सूज आहे का, हात लावला तर दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतो का, पू येतोय का? रिपोर्ट बाजूला ठेव आणि आधी पाय बघून सांग. आणि फोटो टाकू नकोस, मी नुकताच जेवलोय.

रिमझिम
काका, आत्ता बघून आले. लाली नाही, कडेची कातडी पांढरट आणि जाड आहे पण सूज अशी नाही. दोन्ही पाय सारखेच गार-गरम. पू नाही, वासही नाही. ड्रेसिंगवर थोडं पाण्यासारखं येतं.

शस्त्रवैद्य
मी सर्जन आहे आणि अशा पायांचं काम रोजचं आहे, पण मी हा पाय बघितलेला नाही त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजा. वरच्या वर्णनावरून तरी तुमच्या डॉक्टरांचं मला बरोबर वाटतंय.

पायाच्या जखमेत इन्फेक्शन आहे की नाही हे ठरतं बघून आणि हात लावून, लॅबमध्ये नाही. उघडी जखम म्हटली की तिच्यावर जंतू बसणारच, तुमच्या माझ्या धडधाकट कातडीवर पण ते असतातच. प्रश्न एवढाच की शरीर त्यांच्याशी भांडतंय का. भांडत असेल तर ते दिसतं. सूज किंवा कडकपणा, जखमेच्या कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त पसरलेली लाली, दाबल्यावर दुखणं, गरमपणा आणि पू. या पाचातल्या निदान दोन गोष्टी असतील, आणि त्याला दुसरं काही कारण नसेल, तर इन्फेक्शन म्हणायचं. डायबेटिक फूटवर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट आणि अमेरिकेतली संसर्गरोगतज्ज्ञांची संघटना यांनी २०२३ साली मिळून गाइडलाइन काढली त्यात हेच आहे, आणि हेही स्पष्ट लिहिलंय की वरून इन्फेक्शन दिसत नसेल तर जखम भरावी किंवा पुढे इन्फेक्शन होऊ नये म्हणून अँटिबायोटिक देऊ नका, ना पोटातून ना वरून लावायला.

अडचण फक्त एक आहे. ज्यांच्या पायाची संवेदना गेलेली असते त्यांना दुखतच नाही, आणि ज्यांचा रक्तपुरवठा कमी असतो त्यांचा पाय पुरेसा लाल किंवा गरम होत नाही. म्हणून अशा पायांत आम्ही इतर गोष्टींनाही वजन देतो, म्हणजे वास यायला लागणं, जखमेचा रंग मळकट होणं, जरा हात लावला की भळकन रक्त येणं, कडा आतून पोखरल्यासारख्या होणं. बाबांच्या बाबतीत यातलं काही नाहीये असं तुम्ही म्हणताय.

बाकी तो घट्टा तासला हे सगळ्यात मोठं काम त्यांनी केलंय. संवेदना गेलेल्या पायावर घट्टा म्हणजे तिथे रोज जास्त दाब पडतोय याची पावती, आणि त्याच्या आत काळपट लाल डाग दिसला की खाली जखम आहे असंच धरायचं.

सूक्ष्मदर्शी
मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे म्हणून माझेही चार आणे. आमच्याकडे स्वॅब येतो तेव्हा सोबतच्या कागदावर बहुतेक वेळा "पायाची जखम" एवढंच लिहिलेलं असतं. जखम आधी धुतली होती का, वरची घाण काढली होती का, काही माहीत नसतं. वरवर फिरवलेल्या स्वॅबमध्ये जे सापडतं ते पृष्ठभागावरचं. दारावरची गर्दी बघून घराचा मालक कोण ते ठरवण्यातला प्रकार. खरा गुन्हेगार शोधायचा तर जखम साफ करून, मेलेलं टिश्यू काढून टाकून, मग तळातून खरवडून किंवा छोटा तुकडा कापून तो पाठवायला हवा, आणि तोही अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. आणि मुळात इन्फेक्शनची लक्षणं असतील तरच. लक्षणं नसताना कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, केलं की नेमकी ही अशी घरात भांडणं होतात.

आणि ते एस आणि आर. एस म्हणजे त्या जंतूवर ते औषध चालतं, आर म्हणजे चालत नाही. यादीत एस दिसलं म्हणजे ते औषध द्यायलाच पाहिजे असा त्याचा अर्थ होत नाही हो. लोक यादीतलं सगळ्यात महागडं इंजेक्शन शोधून गोल करून आणतात.

तिरपागडा
ठीक आहे, पण समजा आधीच दिलं तर बिघडलं काय? इन्फेक्शन होणार असेल तर टळेल, नसेल तर नुकसान काय. इथे पाय जायची गोष्ट आहे, पाच दिवसाच्या गोळ्यांचं काय कौतुक.

शस्त्रवैद्य
बिघडतं ते सांगतो. एक, जुलाब, अंगावर पुरळ, किडनीवर भार, आणि डायबिटीस जुना असेल तर किडनी आधीच थकलेली असू शकते. दोन, जे जंतू मरायचे ते मरतात आणि चिवट उरतात, मग खरंच इन्फेक्शन होतं तेव्हा साधी गोळी चालत नाही. तिसरं माझ्या मते सगळ्यात वाईट, ते म्हणजे गोळी चालू आहे म्हटल्यावर घरचे निर्धास्त होतात आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. जखम झाली दाबामुळे, ती भरणार दाब काढल्यावर. रोज एवढी हजार पावलं त्याच भोकावर टाकायची आणि वरून गोळ्या खायच्या याला काही अर्थ नाही.

वॉर्डातली_ताई
डॉक्टरांशी सहमत, मी नर्स आहे. रिमझिमताई, तुम्ही रोज ड्रेसिंग बदलताना एवढं करा. चांगल्या उजेडात बघा. लाली दिसलीच तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा, वेळ लिहा, काही तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेली का ते बघा. हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पायांचा गरमपणा ताडून बघा. शुगर रोज लिहा, खाण्यात किंवा औषधात काही बदल नसताना ती अचानक चढायला लागली तर पायाकडे बघायचं, बऱ्याचदा ती आधी बोंब मारते. तापाची वाट बघू नका, पाय आतून सडत असताना ताप नसलेले पेशंट आम्ही कायम बघतो. आणि जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस बघत बसायचं नाही, पाय बादलीत भिजत घालायचा नाही. कॉर्न कॅप, म्हणजे घट्ट्यावर चिकटवायची औषधी पट्टी, तर अजिबात नाही, त्यातल्या अ‍ॅसिडने चांगली कातडी भाजते आणि पेशंटला कळतही नाही.

आळशी_मांजर
माझा +१ परत घेते आणि ताईंना देते.

भटकभवानी
धागा हायजॅक करत नाहीये पण विषय निघालाय तर विचारते. सासूबाईंचा डावा पाय घोट्यापासून खाली लाल, गरम, टम्म सुजलाय. जखम कुठेच नाही, बोटांच्या मधे पण बघितलं. फार दुखत नाही म्हणतात. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचं इन्फेक्शन, म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स झाले, झोपून राहिल्या की जरा उतरतो, उठल्या की परत तसाच. त्यांना पण शुगर आहे, तळवे बधिर आहेत. हे कसलं इन्फेक्शन?

शस्त्रवैद्य
हे इन्फेक्शन नसण्याचीच शक्यता मला जास्त वाटतेय. बधिर पाय, जखम नाही, लाल, गरम, सुजलेला आणि अँटिबायोटिकने हलत नाही, याला दुसरं काही सिद्ध होईपर्यंत शार्को फूट म्हणायचं. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६८ मध्ये नसांच्या आजारात सांधे असे मोडतात हे लिहिलं, तेव्हा कारण सिफिलिस होतं. डायबिटीसशी त्याचा संबंध १९३६ साली जॉर्डनने दाखवला. आतली हाडं आणि सांधे मोडत असतात आणि बाई त्यावर चालत असते, कारण दुखत नाही. सुरुवातीला एक्सरेही नॉर्मल येऊ शकतो, मग एमआरआय लागतो.

दवाखान्यात आम्ही एक साधी गोष्ट करतो, पेशंटला झोपवून पाय पाचदहा मिनिटं उंच धरतो. शार्कोची लाली बरीचशी उतरते, इन्फेक्शनची उतरत नाही. ही काही पक्की टेस्ट नव्हे, पण विचार कुठल्या दिशेने करायचा ते कळतं. दुसऱ्या पायापेक्षा दोन अंश सेल्सियसहून जास्त गरम असेल तर संशय वाढतो. उपचार म्हणजे गुडघ्यापर्यंत प्लास्टर आणि चालणं बंद, तेही काही महिने. उशीर झाला तर पायाची कमान कोसळून तळवा उलटा फुगतो आणि मग त्याच फुगवट्यावर जखम होऊन खरंखुरं इन्फेक्शन होतं. या आठवड्यात नाही, उद्याच फूट बघणाऱ्या ऑर्थोपेडिककडे न्या आणि तोपर्यंत त्या पायावर उभं राहू देऊ नका.

भटकभवानी
बापरे. कोणी हे नावच काढलं नव्हतं आजवर. उद्या नेते.

खडूस_काका
आणि निघण्याआधी सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत बसव, लिफ्टपर्यंत चालत आणू नकोस.

रिमझिम
धागा वर काढतेय कारण गडबड झालीय. मधे बरं चाललेलं. बाबा ऐकतात पण बाथरूमला, दाराला, फोनला असे "दोन पावलं" करत चालतच होते. काल ड्रेसिंग काढलं तर अंगठा अख्खा सुजलाय, सॉसेजसारखा गोल आणि लाल, लाली तळव्यावर पण आलीय. ताईंनी सांगितलं तशी पेनाने रेघ मारली, आज सकाळी रेघेच्या बरीच पुढे. ड्रेसिंगला पिवळट लागलंय आणि वास आहे. ताप नाही. शुगर दोन दिवस नेहमीपेक्षा खूप जास्त येतेय. डॉक्टरांची वेळ उद्या संध्याकाळची आहे, तोवर थांबू का?

शस्त्रवैद्य
नाही. आत्ता निघा. वेळ बिळ काही बघू नका, ते नसतील तर इमर्जन्सीला जा.

कारण सांगतो म्हणजे घरात वाद नको. लाली जखमेपासून दोन सेंटीमीटरपेक्षा कमी आणि प्रकार कातडीपुरता असेल तर त्याला सौम्य म्हणतात, तिथे गोळ्यांवर घरी चालतं. दोन किंवा जास्त पसरली, किंवा आत स्नायू, सांधा, हाड इथवर गेली की मध्यम. आणि त्याच्यासोबत अंगाचं तापमान ३८ अंश सेल्सियसच्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर, पांढऱ्या पेशी १२ हजारांच्या वर किंवा ४ हजारांच्या खाली, यातल्या कुठल्याही दोन गोष्टी असतील तर गंभीर. तुम्ही निदान मध्यममध्ये आहात आणि पाय वेगाने बदलतोय. तळव्यात पू साठला तर तो टेंडनच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, बाजूने वर सरकतो, आणि तळव्याचे कप्पे घट्ट असल्यामुळे आत दाब वाढून टिश्यू मरायला लागतं. तो चिरा देऊन बाहेर काढावा लागतो, अशा बंद पुवापर्यंत औषध नीट पोचत नाही.

वाटेत कातडी जांभळी काळी पडताना दिसली, फोड आले, दाबल्यावर चुरचुर आवाज आला किंवा बाबा असंबद्ध बोलायला लागले तर पोचल्या पोचल्या ते पहिलं सांगा. औषधांची यादी, शेवटचा किडनीचा रिपोर्ट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते सोबत ठेवा. आणि उपाशीच न्या, सर्जरी लागली तर थांबावं लागणार नाही, फक्त इन्सुलिन किंवा गोळी घेतली असेल तर शुगर खाली जात नाहीये ना ते तपासत राहा आणि तिथे गेल्यावर उपाशी आहेत हे सांगा.

वॉर्डातली_ताई
आणि पाय चालत न्यायचा नाही!

तिरपागडा
कळवा ताई काय झालं ते.

रिमझिम
सगळ्यांचे खूप आभार, अ‍ॅडमिट केलंय. रात्रीच तळव्याला चिरा देऊन पू काढला, मेलेलं सगळं साफ केलं, आणि त्याच वेळी आतला तुकडा कल्चरला पाठवला. शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे, शुगर इन्सुलिनवर आणलीय. लाली मागे सरून परत रेघेच्या आत यायला लागलीय, म्हणजे चांगलं असं म्हणाले.

आता नवीन. डॉक्टरांनी बोथट लोखंडी काडी जखमेत घातली आणि म्हणाले हाडाला लागतेय, टक्क आवाज ऐकू आला मला. एक्सरेमध्ये अंगठ्याच्या सांध्याजवळ हाड जरा खाल्ल्यासारखं दिसतंय. ईएसआर, ती सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट, ७० च्या वर आहे. तर हाडात इन्फेक्शन आहे असं म्हणतायत. दोन पर्याय दिलेत, खराब हाड काढायचं किंवा नुसत्या औषधावर सहा आठवडे बघायचं. भाऊ म्हणतो अंगठाच काढून टाका म्हणजे कटकट संपेल. बाबा गप्प आहेत. एमआरआय लागेल का?

सूक्ष्मदर्शी
आता हा कल्चर रिपोर्ट मात्र मनापासून वाचायचा. आतला तुकडा, वेळेवर घेतलेला. पहिल्या स्वॅबमधल्या तिघांपैकी एखादाच यात येईल किंवा भलताच कुणी. स्टॅफ ऑरियस सगळ्यात जास्त वेळा असतो, उष्ण हवामानात स्युडोमोनास आणि त्याचे भाऊबंदही बरेच निघतात म्हणून सुरुवातीचं औषध जरा रुंद, म्हणजे बऱ्याच जंतूंवर चालणारं, देतात, मग रिपोर्ट आल्यावर अरुंद करतात. अरुंद केलं तर "औषध कमी केलं" म्हणून घाबरू नका, ते चांगलं लक्षण.

शस्त्रवैद्य
काडी हाडाला लागली, एक्सरे बदललाय आणि ईएसआर चढलाय. तिन्ही एका दिशेला बोट दाखवतायत तेव्हा निदानासाठी एमआरआयची गरज पडतेच असं नाही. शंका असेल तेव्हा तो कामाचा, किंवा सर्जरी करायची तर कुठवर गेलंय ते बघायला. एक्सरे सुरुवातीचे दोनतीन आठवडे नॉर्मलच दिसतो, म्हणून हे आधी का कळलं नाही यात कुणाची चूक शोधू नका.

हाड काढायचं की औषध यावर खरंच दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पुढच्या भागातलं हाड असेल, त्याचा फार चुरा झालेला नसेल, पू निघून गेलेला असेल आणि रक्तपुरवठा बरा असेल तर नुसत्या औषधावर सहा आठवडे हा चांगला पर्याय आहे. हाड काढलं आणि उरलेल्या कडेत जंतू सापडले तर साधारण तीन आठवडे. सगळं खराब निघून कडा स्वच्छ असली तर औषध थोडेच दिवस. आणि नुसतं मांस बिघडलेलं असतं तर एक ते दोन आठवड्यांत भागलं असतं.

पण भावाला माझ्यातर्फे सांगा की अंगठा काढल्याने कटकट संपत नाही, तिची जागा बदलते. चालताना शेवटचा जोर अंगठ्यावर असतो. तो गेला की भार शेजारच्या बोटांच्या बुडाशी जातो आणि तिथे नवे घट्टे, नव्या जखमा. कधी कधी काढावा लागतोच, आणि तेव्हा वेळेवर काढणंच शहाणपणाचं, पण "कटकट नको" हे कारण नव्हे. बाबांना विचारा, पाय त्यांचा आहे.

एक मात्र आधी विचारा, रक्तपुरवठा तपासला का?

रिमझिम
हो, घोट्याला आणि दंडाला पट्टा बांधून प्रेशर घेतलं, रेशो १.४ च्या वर आला. मी म्हटलं जास्त म्हणजे चांगलंच असेल.

शस्त्रवैद्य
तो आकडा टाकून द्या. ०.९ ते १.३ ला नॉर्मल म्हणतात, त्याच्या खाली अडथळा. पण जुन्या डायबिटीसमध्ये रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती कडक होते, पट्टा कितीही फुगवला तरी दबत नाही, म्हणून आकडा खोटा चढतो. अशा वेळी पायाच्या बोटाचं प्रेशर घ्यायचं, बोटातल्या बारीक नळ्या एवढ्या कडक होत नाहीत. ते पाऱ्याच्या ३० मिमीच्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनला ताबडतोब बोलवायचं, कारण रक्त पोचत नसेल तर अँटिबायोटिकही पोचत नाही आणि कापलेलं भरतही नाही. डॉपलर या रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्रातल्या आवाजाची लयही सांगते. अंगठा ठेवा की काढा ही चर्चा या आकड्यानंतर करायची, आधी नाही.

खडूस_काका
हे मला नव्हतं माहीत. चाळीस वर्षं शुगर सांभाळतोय आणि माझा तो रेशो १.३५ आला तेव्हा घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं होतं.

वॉर्डातली_ताई
काका, उद्या बोटाचं प्रेशर करून या.

रिमझिम
बोटाचं प्रेशर झालं, ५५ आलं. व्हॅस्क्युलरचे डॉक्टर म्हणाले अगदी उत्तम नाही पण भरायला संधी आहे, सध्या फुग्याने रक्तवाहिनी उघडायची गरज वाटत नाही, जखम पुढे सरकली नाही तर परत बघू. बाबा शेवटी बोलले, अंगठा ठेवायचा. मग खराब हाडाचा थोडाच भाग खरवडून काढलाय आणि औषध सहा आठवडे धरून चालायचं ठरलंय. कल्चरमध्ये एकटा स्टॅफ ऑरियस निघाला, साधा, एमआरएसए म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा नाही. पहिल्या स्वॅबमधले बाकीचे दोघे गायब. सूक्ष्मदर्शींना नमस्कार.

आता गोळ्यांवर घरी सोडतायत. भावाचं परत सुरू, हाडाचं इन्फेक्शन आणि गोळ्या? सलाईनमधून दिलं तर जोरात लागेल ना?

सूक्ष्मदर्शी
भावाला माझा पण नमस्कार सांगा :) ब्रिटनमधला ओविवा नावाचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला, हाडांच्या आणि सांध्यांच्या इन्फेक्शनचे हजारावर पेशंट. अर्ध्यांना पहिले सहा आठवडे शिरेतून, अर्ध्यांना तोंडाने. वर्षभराने बघितलं तर उपचार फसण्याचं प्रमाण शिरेतून १४.६ टक्के आणि तोंडाने १३.२, म्हणजे गोळी कुठे मागे पडली नाही. अट एवढीच की जंतूला चालणारी आणि हाडात नीट पोचणारी गोळी हवी आणि ती वेळेवर घ्यायला हवी.

तिरपागडा
मी सुरुवातीला डॉक्टर बदला म्हणालो होतो, आता भावाच्या बाजूने बोलणारा कोणी राहिला नाही म्हणून विचारतो. ते मधाचं ड्रेसिंग, चांदीचं ड्रेसिंग, ऑक्सिजनच्या बंद खोलीत बसवतात ते, यातलं काही?

शस्त्रवैद्य
इन्फेक्शन बरं करायला यातलं काहीच नाही. ड्रेसिंगचं काम ओल सांभाळणं आणि घाण बाहेर ठेवणं, बस. लोक ड्रेसिंगवर जेवढा खल करतात त्याच्या निम्मा जरी दाब काढण्यावर केला ना तर माझी ओपीडी रिकामी होईल. तळव्याच्या जखमेला, इन्फेक्शन आटोक्यात आल्यावर, सगळ्यात चांगलं काय तर गुडघ्यापर्यंतचं न निघणारं प्लास्टर, म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, किंवा तसाच न निघणारा बूट. ही प्लास्टरची पद्धत कुष्ठरोगाच्या पेशंटांच्या बधिर पायांवर आधी वापरली गेली, पॉल ब्रँड यांनी ती अमेरिकेत नेली आणि मग डायबिटीसमध्ये रुळली. न निघणारं का, तर निघणारा बूट लोक घरात काढून ठेवतात. "दोन पावलं" वाले बाबा तुम्हीच सांगितलेत. फक्त इन्फेक्शन अजून चालू असेल आणि रक्तपुरवठाही कमी असेल तर काढता येणारा बूट द्यावा लागतो, जखम रोज बघायला. बाबांना पहिल्यांदा तोच मिळेल असं वाटतंय.

भटकभवानी
माझं पण अपडेट. शार्कोच निघाला. प्लास्टर घातलंय. अँटिबायोटिक सगळं बंद. शस्त्रवैद्य, धन्यवाद हा शब्द लहान आहे.

आळशी_मांजर
मला एक विचारायचंय, माझ्या आईला शुगर आहे पण जखम वगैरे काही नाही. संवेदना गेलीय की नाही हे घरी कळतं का?

वॉर्डातली_ताई
ढोबळ कळतं. आईला डोळे मिटून झोपायला सांगा, दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला तुमच्या बोटाच्या टोकाने अगदी हलकं टेकवा, एकदोन सेकंदच, ढोसायचं नाही. प्रत्येक वेळी "हो" म्हणायला सांगा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झालीय असं धरा आणि दवाखान्यात नायलॉनच्या दोऱ्याची, ती १० ग्रॅमवाली टेस्ट करून घ्या. आणि बोटांच्या बेचक्या बघा, चिखल्या असतील तर त्यावर बुरशीचं मलम लावून कोरडं ठेवा. जंतूंची आत जायची ती नेहमीची वाट आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. क्रीम टाचांना लावा, बेचकीत नको.

खडूस_काका
मी स्वतःच करायला गेलो, बायको म्हणाली स्वतःला कळतंच की कुठे हात लावतोय. तिच्याकडून करून घेतलं. सहापैकी चार. घरात एकदम शांतता पसरलीय, उद्याची अपॉइंटमेंट घेतली.

रिमझिम
काका, नक्की जा.

शेवटचा प्रश्न, मग सतावत नाही. बाबांना बूट मिळाला, जाड तळाचा, गुडघ्याच्या खालीपर्यंत. जखम आक्रसतेय, सीआरपी, ती रक्तातली सुजेची दुसरी टेस्ट, तो पण खाली आलाय. पण बूट घातला की उजवा पाय डाव्यापेक्षा उंच होतो, ते लंगडतात, कंबर धरलीय म्हणतात आणि त्या निमित्ताने बूट काढायला बघतात. डाव्या पायात साधी सपाट चप्पल असते.

शस्त्रवैद्य
डाव्या पायाला तेवढ्याच उंचीचा तळ लावून घ्या, बूट बनवणारेच बुटाखाली लिफ्ट लावून देतात. सपाट चप्पल आजच बंद, तिच्यात डाव्या पायावर जास्तीचा भार पडून तिथेही घट्टा येईल, तो पायही बधिरच आहे हे विसरू नका. ड्रेसिंगच्या वेळी डावा तळवा पण बघत जा. आणि सहा आठवडे संपले की "बरं झालं" असं कुणी लगेच म्हणणार नाही, हाडाचं इन्फेक्शन गेलं असं म्हणायला निदान सहा महिने लक्ष ठेवतात, तर पुढच्या तारखा आत्ताच घेऊन ठेवा.

रिमझिम
लिफ्टचं माप द्यायला उद्या भाऊच घेऊन जातोय बाबांना. चाकाच्या खुर्चीतून.